कपड्यांच्या गल्लीतली कडकमावशी

तिला कडकमावशी हे नाव तिच्या इस्त्रीवरून पडलं की स्वभावावरून, याबद्दल गल्लीत दोन मतं होती. तिचा नवरा स्वभावाच्या बाजूचा होता, पण ते तो दुकानाबाहेर उभा राहून, आणि तेही आत मशीन सुरू असेल तेव्हाच सांगायचा. त्याला जाऊन आता नऊ वर्षं झाली. लाँड्री तीच आहे, गल्लीही तीच आहे. म्हणजे दगडी पायऱ्या तरी त्याच आहेत.

गल्ली बंदराच्या वरच्या अंगाला, चढावर. दोन्ही बाजूंना चार-चार मजल्यांची सात-सात घरं, आणि मधे एवढीच जागा की समोरच्या खिडकीतल्या माणसाला शिंक आली तर रुमाल आपण काढून द्यावा. ऊन तळाला कधी पोचायचंच नाही. म्हणून मग या खिडकीपासून त्या खिडकीपर्यंत, गल्लीच्या माथ्यावर, दोऱ्या. दोन्ही टोकांना कप्पी, कप्पीवर फिरणारी दोरी, आणि एकेक दोरी दोन घरांत वाटलेली. अर्धी तुमची, अर्धी आमची. ओढायच्या आधी हाक मारायची, एवढाच काय तो कायदा.

दुसऱ्या मजल्यावरची कडकमावशीची दोरी समोरच्या शिवणबाईशी सामाईक होती. दोघी एकाच वर्षी लग्न होऊन गल्लीत आल्या. ही कपडे धुणारी, ती कपडे शिवणारी. बत्तीस वर्षं त्या दोरीवरून काय काय गेलं-आलं त्याला गणती नाही. दोऱ्याची रिळं, औषधाच्या गोळ्या, चष्मा, वाचून झालेलं वर्तमानपत्र. एकदा तर कडकमावशीच्या मुलीने गणितात नापास झालेलं प्रगतिपुस्तक उशीच्या अभ्र्यात घालून शिवणबाईकडे रवाना केलं, सही तिच्याकडून उरकून घ्यावी म्हणून. नेमकी दोरी मधेच अडकली आणि अभ्रा गल्लीच्या बरोबर मध्यावर लोंबकळत राहिला. खाली बाप उभा. त्याने वर पाहिलं आणि विचारलं, "एकच अभ्रा धुतलास आज?" कडकमावशीला काहीच माहीत नव्हतं, पण समोर शिवणबाईचा चेहरा पाहून तिने ओळखलं. म्हणाली, "मळलेला एकच होता." प्रगतिपुस्तकावर शेवटी कुणाची सही झाली ते त्या दोघींनी कधीच फोडलं नाही.

कपडे धुणाऱ्या बाईला गल्लीची खबर सांगावी लागत नाही. कुणाच्या शर्टाचं वरचं बटण उपटून निघालंय, कुणाच्या घरात दुपटी शिवायला लागलेत, कुणाला नवी नोकरी लागून रोजचा पांढरा सदरा आला, कुणाची नोकरी जाऊन तो बंद झाला, हे तिला आधी कळे. आणि कळलं ते ती पोटात ठेवी. कडक होती ती त्या अर्थानेही.

मग कुणीतरी एक फोटो काढला. सकाळचं तिरपं ऊन, पायऱ्या, आणि वर सात-आठ दोऱ्यांवर रंगीबेरंगी कपडे. तो फोटो विमानतळाच्या भिंतीवर लागला. गल्लीला आधी अप्रूपच वाटलं. बाहेरगावची माणसं माना वर करून चालायची, पायऱ्यांवर ठेचकाळायची, हसायची. बायका कपडे वाळत घालायला येताना केस नीट करून येऊ लागल्या. संगीतमास्तरांनी तर भोकं पडलेले बनियन दोरीवर घालणंच सोडून दिलं. नकाशांवर गल्लीचं जुनं नाव जाऊन 'कपड्यांची गल्ली' असं छापून आलं, तेव्हा कडकमावशीच्या नवऱ्याने तो नकाशा लाँड्रीच्या भिंतीवर चिकटवला होता.

पहिल्या घरातल्या बोटीवरच्या काकांनी आपल्या दोन खोल्या पाहुण्यांना द्यायला सुरुवात केली. त्यांचं बरं चाललंय हे घरमालकांनी पाहिलं. त्यानंतर मात्र घरं एकामागून एक हलू लागली. कुणाचा करार संपला तो पुन्हा झालाच नाही. कुणाला भाडं झेपेना. कुणाचं घरच एका कंपनीने विकत घेतलं आणि दारावर आकड्यांचं कुलूप बसवलं. वाण्याच्या जागी चुंबकाच्या शोभेच्या वस्तू आल्या, चांभाराच्या जागी कॉफी. डॉक्टरीणबाईंचा दवाखाना गेला तिथे टोप्यांचं दुकान झालं. अकरा तऱ्हेच्या टोप्या दाराशी मिळत आणि दुधाला वीस मिनिटं चालत जावं लागे. दिवसभर पायऱ्यांवरून चाकांच्या बॅगा खडखडत.

कडकमावशीची लाँड्री बंद पडली नाही. उलट जोरात चालली. चादरी, अभ्रे, टॉवेल. सगळं पांढरं, सगळं एका मापाचं. रोज गठ्ठे यायचे, गठ्ठे जायचे. आपली चूल आता या पाहुण्यांवर चालते हे ती जाणून होती आणि त्यांना नावं ठेवत नव्हती. पण संध्याकाळी दुकान आवरताना हात रिकामे वाटायचे. दिवसभरात शंभर चादरी हाताखालून गेल्या तरी त्यांतली एकही तिला काही सांगत नसे.

शिवणबाईच्या घराची पाळी आली तेव्हा तिला सहा महिन्यांची मुदत मिळाली. तिचा मुलगा शहराबाहेरच्या नव्या वसाहतीत राहत होता, चौदाव्या मजल्यावर. दोन बस बदलून दीड तासाचा रस्ता. ज्या दिवशी ती गेली त्या दिवशी रडायला दोघींनाही सवड झाली नाही, कारण हातगाडी पायऱ्यांवर चढेना आणि शिलाईचं यंत्र चौघांनी उचलून खाली टेम्पोपर्यंत न्यावं लागलं. यंत्र गाडीत चढल्यावर शिवणबाई म्हणाली, "माझे चिमटे राहिले गं दोरीवर."

"राहू देत. पुढच्या वेळी घेऊन जा."

"हो," ती म्हणाली, आणि गाडीत बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कडकमावशीने खिडकी उघडली, ओला टॉवेल अडकवला आणि सवयीने हाक दिली, "ओढते गं." समोरच्या खिडकीत दाढीवाला एक पाहुणा दात घासत उभा होता. त्याने बिचाऱ्याने ब्रश तोंडात ठेवूनच हात हलवला. तिनेही हलवला. पण नंतर बरेच दिवस तिने त्या दोरीवर काही घातलं नाही.

पाहुण्यांनी कपडे वाळत घालू नयेत असा त्या खोल्यांमधला नियम होता. त्यामुळे बघता बघता गल्लीवरचं आभाळ मोकळं झालं. लोक यायचे, फोटोतली गल्ली शोधायचे, आणि लाँड्रीच्या दाराशी येऊन विचारायचे, "कपडे कुठेत?"

एक दिवस पर्यटन विभागाचा अधिकारी आला. तरुण होता, बोलायला गोड होता, आणि टाय बहुधा त्या दिवसापुरताच घातलेला होता.

"मावशी, गल्लीची ओळख जपायची आहे," तो म्हणाला.

"गल्लीची ओळख आता नव्या वसाहतीत चौदाव्या मजल्यावर राहते," कडकमावशी म्हणाली.

तो हसला. त्याला वाटलं, म्हातारी विनोदी आहे. मग त्याने योजना सांगितली. सकाळी दहा ते संध्याकाळी सहा, गल्लीतल्या नऊ दोऱ्यांवर कपडे हवेत. काम तिच्याइतकं कुणाला येणार? विभाग मानधन देईल, वरच्या खिडक्यांपर्यंत जायची सोयही करेल. कपडे रंगीत असावेत. "आणि मावशी, तेवढे आतले कपडे नकोत."

"माणसं आतले कपडे घालत नाहीत की काय?"

"घालतात हो. फोटोत नकोत."

ती नाही म्हणेल असं मुलीला वाटलं होतं. पण ती हो म्हणाली. दुकानाच्या मागच्या खोलीत दोन पेट्या होत्या, वर्षानुवर्षं लोकांनी न्यायचे विसरलेले कपडे ठेवलेल्या. कुणी येईल, मागेल, म्हणून तिने एकही कपडा कधी मोडीत काढला नव्हता. ते कपडे तिने बाहेर काढले, झटकले, आणि पहिल्या दिवशी नऊ दोऱ्यांपुढे उभी राहिली तेव्हा तिचे हात आपसूक चालू लागले. चौथ्या घरातल्या नर्सबाईंची दोरी नेहमी शिस्तीत असे, मोठं आधी, लहान नंतर. तशीच तिने लावली. संगीतमास्तरांचे राखाडी रेघांचे शर्ट टोकाने नाही, कॉलरने लटकवले, कारण मास्तरांना कितीदा सांगून ते शिकले नव्हते. जुळ्या मुलींच्या घरी एक मोजा कायम एकटा असे. तिने मोजाही एकटाच लावला. शिवणबाईच्या अर्ध्या दोरीवर तिने फुलांचा एक झगा घातला, शिवणबाईनेच कधीकाळी एका गिऱ्हाइकासाठी शिवलेला.

दहा वाजता ती पायऱ्यांच्या तळाशी जाऊन उभी राहिली आणि डोळे बारीक करून वर पाहिलं. डोळे बारीक केले की चेहरे नसलेल्या खिडक्या दिसत नसत, नुसते कपडे दिसत. तेव्हा घटकाभर असं वाटे की आता कुणीतरी वरून ओरडेल, मावशी, माझा निळा सदरा झाला का? ती रोज तशी उभी राहू लागली. हे तिने कुणालाही सांगितलं नाही, मुलीलाही नाही. आठवड्यातून एकदा विभागाची बाई येऊन पाहून जाई आणि पिवळा रंग वाढवा, राखाडी कमी करा, असं सांगे. कडकमावशी मान डोलवे आणि मास्तरांचे राखाडी शर्ट तसेच ठेवी.

असे पाच महिने गेले. मग शिवणबाई आली. गुडघ्यांसाठी जुन्या इस्पितळात दाखवायचं होतं, तिथून चालत, थांबत थांबत ती गल्लीत पोचली. न सांगता आली, मैत्रिणीला चकित करायचं म्हणून. कडकमावशी दुकानात वाकून गठ्ठा बांधत होती. वर पाहते तो शिवणबाई पायऱ्यांवर उभी, मान वर करून, तोंड किंचित उघडं.

"अगं, सगळे परत आले?" शिवणबाईने विचारलं. "नर्सबाई आली? मास्तर? मला कुणी कळवलंसुद्धा नाही."

कडकमावशीने हातातला गठ्ठा खाली ठेवला. "ये आधी, बस," ती म्हणाली.

"आणि माझ्या खिडकीत कोण आलंय?"

"कुणी नाही."

"मग तो झगा कुणाचा?"

"कुणाचाच नाही गं. मीच घालते ते. सकाळी लावते, संध्याकाळी काढते. बघायला येतात लोक."

दुकानासमोरची खालची दोरी हाताच्या टप्प्यात होती. शिवणबाईने एका शर्टाची बाही बोटांत धरली, कापड चाचपलं, जसं ती आयुष्यभर गिऱ्हाइकांचं कापड चाचपत आली होती.

"कोरडं आहे," ती म्हणाली. "धुतलेलंच नाही."

"कोण घालतंय की मळेल?"

शिवणबाईने बाही सोडली आणि पायरीच्या कडेला बसली. बराच वेळ गुडघा चोळत राहिली. "मी रोज सकाळी डोळे मिटून ही गल्ली बघते," ती म्हणाली. "त्यात कपडे असतात ते ओले असतात. खाली टिपकतात. तू मला म्हणायचीस, पिळत जा नीट, माझ्या गिऱ्हाइकांच्या डोक्यावर पाणी पडतं." तिने वर झग्याकडे पाहिलं. "तुझ्यावर राग नाही माझा. पण हे बघून मला वाटलं, आता आपण नसलो तरी चालतं."

त्या दिवशी दोघी जेवल्या, बोलल्या, इतर गोष्टींवर हसल्यासुद्धा. पण शिवणबाईला बसमधे बसवून आल्यावर कडकमावशीने सगळ्या दोऱ्या उतरवल्या, सहा वाजायची वाट न पाहता. दुसऱ्या दिवशी लावल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी अधिकाऱ्याचा फोन आला.

"मावशी, दोऱ्या रिकाम्या का?"

"कपडे धुवायला टाकलेत."

"सगळे?"

"सगळे. आणि आता ते ज्यांचे आहेत त्यांनाच देणार आहे."

त्याच महिन्यात महापालिकेच्या नगररचना विभागाची सूचना कोपऱ्यावरच्या भिंतीवर लागली. पर्यटन क्षेत्र पलीकडच्या तीन गल्ल्यांपर्यंत वाढवायचा आराखडा होता. त्या गल्ल्यांत अजून माणसं होती, एक शाळा होती, आणि डॉक्टरीणबाईंनी हलवलेला दवाखानाही तिथेच होता. हरकती असतील त्यांनी सुनावणीला यावं. कडकमावशीने आयुष्यात कधी सुनावणी पाहिली नव्हती. तिने लाँड्री अर्धा दिवस बंद ठेवली आणि गेली.

मोठं दालन, मागे भिंतीवर शहराचा नकाशा, त्यावर तांबड्या रेघांनी रंगवलेला भाग. आधी हॉटेलवाल्यांच्या संघटनेचे गृहस्थ बोलले. पाहुण्यांमुळे किती घरांत अन्न शिजतं ते त्यांनी सांगितलं. कडकमावशीने मान डोलावली, कारण ते खरं होतं. मग शाळेचे मुख्याध्यापक बोलले. मग तिचा नंबर आला.

"पाहुणे नकोत असं मी म्हणणार नाही," ती म्हणाली. "मी त्यांच्याच चादरी धुते. पण आमच्या गल्लीत बघायला येतात ते काय, तर लोकांचे कपडे. लोकच घालवले तुम्ही. पाच महिने मी पेटीतले जुने कपडे दोरीवर लावत होते, पर्यटन विभागाच्या सांगण्यावरून. आता त्या तीन गल्ल्यांत कोण लावणार आहे? मला तेवढ्या पायऱ्या चढवत नाहीत."

कुणीतरी हसलं. टेबलामागच्या जाड चष्म्याच्या मॅडम हसल्या नाहीत. त्या नगररचनेच्या प्रमुख होत्या. त्यांनी विचारलं, "तुमच्या गल्लीतून जायचं होतं म्हणून किती घरं गेली, आणि जावं लागलं म्हणून किती?"

हा प्रश्न इतक्या वर्षांत कुणी विचारला नव्हता. कडकमावशीने नकाशाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे पाठ केली आणि पहिल्या घरापासून सुरुवात केली. तळमजला, पहिला मजला, दुसरा. कोण होतं, किती माणसं, कधी गेली, कशी गेली. मधे कारकुनाने लिहायचं थांबवलं होतं. मॅडमनी त्याच्याकडे पाहिल्यावर पुन्हा सुरू केलं. वीस मिनिटं लागली.

"हे पत्त्यांसकट लेखी देता येईल?" मॅडमनी विचारलं. "परत यायची इच्छा आहे का, तेही."

ते काम दोघींनी मिळून केलं. कडकमावशी फोन करी, पत्ते काढी. शिवणबाई चौदाव्या मजल्यावर बसून तिच्या मापं लिहायच्या ठळक अक्षरात उतरवी. दोन आठवडे दिवसातून चार-चार वेळा त्या फोनवर बोलत होत्या. संगीतमास्तर गेल्याचं त्यांना त्या फोनाफोनीतच कळलं. त्यांची मुलगी म्हणाली, बाबा शेवटपर्यंत पायऱ्या मोजायचे, झोपेत. त्या दिवशी यादी पुढे सरकली नाही. बोटीवरचे काका मात्र रागावले. म्हणाले, मी स्वतःच्या खुशीने गेलो, मला यादीत घालू नका. त्यांना वेगळ्या पानावर घातलं.

सरकारी काम, चौदा महिने लागले. पण लागले तरी झालं, सगळं नाही, थोडं. त्या तीन गल्ल्या आराखड्यातून वगळल्या. कपड्यांच्या गल्लीत पाहुण्यांच्या खोल्यांचे नवे परवाने बंद झाले. आणि कोपऱ्यावरचं महापालिकेचं जुनं घर, ज्यात गल्लीच्या जुन्या जीवनाचं संग्रहालय व्हायचं होतं, ते दुरुस्त करून राहत्या माणसांना भाड्याने द्यायचं ठरलं. अकरा बिऱ्हाडं मावतील एवढं. पूर्वी इथे राहिलेल्यांना आधी.

नर्सबाईंचं कुटुंब आलं. जुळ्यांपैकी एक आली, नवरा आणि सहा महिन्यांचं बाळ घेऊन. शिवणबाईचाही अर्ज मंजूर झाला. तिसरा मजला, खिडकी पायऱ्यांकडे. कळलं त्या दिवशी कडकमावशीने शिवणबाईला तीनदा फोन केला आणि तिन्ही वेळा तेच सांगितलं.

घर बघायला दोघी एकत्र गेल्या. जिना लाकडी, उभा, लिफ्ट नाही आणि बसवायला जागाही नाही. पहिला मजला शिवणबाईने कठड्याला धरून चढला. वळणावर ती बसली. चेहरा पांढरा पडला होता.

"जरा दम घे. मग चढू," कडकमावशी म्हणाली.

"अजून दोन आहेत ना?"

"दोनच आहेत."

"आणि रोज?"

कडकमावशी तिच्या शेजारी पायरीवर बसली. "मी आणून देत जाईन सगळं. तुला उतरावंच लागणार नाही."

"मग चौदावा मजला काय वाईट होता?" शिवणबाई हसली, पण डोळे भरून आले होते. "गुडघ्यांनी नाही म्हटलं गं. मी नाही म्हटलेलं नाही, एवढं लक्षात ठेव."

"शस्त्रक्रिया करून घे. मी येते राहायला इस्पितळात."

"डॉक्टरांनी हृदयाचं कारण सांगितलंय. मुलाने मला सांगितलं नव्हतं, मी फाइलमधे वाचलं." तिने उठायचा प्रयत्न केला आणि पुन्हा बसली. "वर जाऊन बघून ये तू. खिडकीतून काय दिसतं ते सांग."

कडकमावशी गेली. रिकाम्या खोलीत चुन्याचा वास होता. खिडकीतून पायऱ्या दिसत होत्या, लाँड्रीचं दार दिसत होतं, आणि बंदराचा एक निळा तुकडा. ती तिथे बराच वेळ उभी राहिली. मग डोळे पुसून खाली आली आणि म्हणाली, "विशेष काही नाही. भिंतच दिसते."

"खोटं बोलतेस," शिवणबाई म्हणाली.

ते घर पुढे एका बसचालकाला मिळालं. तीन मुलं, चौथं वाटेवर. चांगली माणसं आहेत. त्याची बायको कपडे सुलटेच वाळत घालते, रंग उडतो, आणि कडकमावशी खालून तिला रोज ते ऐकवते. बाई ऐकून घेते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच घालते. पाहुणेही येतातच, माना वर करतात, फोटो काढतात. त्यांच्या चादरी आठवड्यातून सहा दिवस येतात.

दर गुरुवारी दुपारी शिवणबाई इस्पितळातून येते. लाँड्रीत तिच्यासाठी पाठ असलेली खुर्ची ठेवली आहे. तिथे बसून ती फाटक्या अभ्र्यांना टाके घालते आणि वसाहतीतल्या गोष्टी सांगते. तिथे बाहेर काही वाळत घालायला बंदी आहे, आणि शेजारी कोण राहतं ते तिला अजून माहीत नाही. पाचच्या बसने तिला निघावं लागतं, नाहीतर पुढची बस चुकते.

थांब्यावर बॅगांची मोठी रांग असते. कडकमावशी तिचा हात धरून रांगेत पुढे जाते, कुणी काही म्हणालं तर बघून घेते, आणि तिला पुढच्या खिडकीशी बसवते. काच जाड असल्यामुळे आतलं बोलणं ऐकू येत नाही. शिवणबाई तरी काहीतरी सांगत असते, बोटाने दाखवत, ओठ हलवत. कडकमावशीला त्यातलं काही कळत नाही. ती हो, हो म्हणत मान हलवते, बस निघते, वळणावरून दिसेनाशी होते, आणि घरी चालत येताना ती विचार करत राहते, काय बरं म्हणत असेल.